भाषेचा क्लास बिनसला तर तक्रार कोणाकडे? परदेशातील पद्धत आणि ठाणे-डोंबिवलीतील अडचण

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि कल्याण-डोंबिवलीत स्टेशनच्या दोन्ही बाजूंना जर्मन, जपानी, फ्रेंच आणि आयईएलटीएसच्या क्लासच्या पाट्या दिसतात. त्यातले बरेच क्लास एकाच शिक्षकाचे असतात. काही राहत्या घरातल्या हॉलमध्ये भरतात, काही फक्त ऑनलाइन चालतात. क्लास चांगला चालला तर प्रश्नच नसतो. पण बॅच अर्धवट बंद पडली, जाहिरातीत सांगितलेली पातळी गाठली गेली नाही किंवा शिकवलेले समजतच नसेल, तर विद्यार्थ्याने कोणाकडे जायचे? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनीत भाषाशिक्षक आणि संस्था अशा तक्रारी कशा हाताळतात? त्यातले इथे काय लागू पडते?

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

परदेशी भाषा शिकणे ही पूर्वी बहुतांशी हौस होती. आता अनेकांसाठी ती व्हिसाची अट आहे. जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे कायमचे जायचे असेल, तर काही अपवाद वगळता २००७ पासून ए१ पातळीचे जर्मन यावे लागते. परिचारिका म्हणून तिथे नोंदणी हवी असेल, तर साधारणपणे बी२ पर्यंत मजल मारावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत सामंजस्य करार केला. तरुणांना जर्मन शिकवणे हा त्या योजनेचा भाग होता. त्यानंतर जर्मन शिकण्याची चर्चा गावोगावी पोहोचली.

मुंबईतील गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजेच मॅक्समुल्लर भवन, काळा घोडा परिसरात आहे. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली तरी जाण्यायेण्यात दिवसाचे अडीच-तीन तास जातात. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे जमत नाही, म्हणून घराजवळचा क्लास किंवा ऑनलाइन शिक्षक हाच पर्याय उरतो. अशा वेळी क्लास फसला तर नुकसान केवळ फीचे होत नाही. परीक्षेची तारीख हुकते, मुलाखत पुढे जाते, लग्न होऊन सहा महिने झालेली मुलगी आणखी सहा महिने माहेरीच राहते.

विद्यार्थ्यांच्या तक्रारी नेमक्या कोणत्या?

भाषेच्या वर्गातील तक्रारींचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला शिकवण्याच्या पद्धतीचा: शिक्षिका फार वेगाने जातात, प्रत्येक चूक सर्वांसमोर दुरुस्त करतात किंवा अजिबातच दुरुस्त करत नाहीत. दुसरा पातळीचा: वर्गातील निम्म्या मुलांनी ए१ आधीच केलेले असते आणि उरलेले मुळाक्षरांवर अडखळत असतात. तिसरा व्यवहाराचा: तासिका रद्द होणे, शिक्षक बदलणे, फी परत न मिळणे. चौथा निकालाचा: परीक्षेत मिळालेले गुण मान्य नसणे.

गोंधळ असा होतो की, विद्यार्थी एका प्रकारची तक्रार दुसऱ्या प्रकारच्या भाषेत मांडतो. ‘शिकवणे चांगले नाही’ असे तो म्हणतो, तेव्हा खरी अडचण चुकीच्या पातळीच्या बॅचमध्ये बसवल्याची असू शकते. ‘मॅडम पार्शालिटी करतात’ यामागे उत्तरपत्रिका कशी तपासली हे कधीच सांगितले गेले नाही, हे कारण असू शकते. तक्रार नीट हाताळणे म्हणजे आधी ती कोणत्या प्रकारात बसते हे ओळखणे.

एकाच वर्गातून परस्परविरोधी तक्रारी येणे हेही भाषेच्या शिक्षकांना नवे नाही. एकाला वाटते मॅडम जर्मनशिवाय बोलतच नाहीत, दुसऱ्याला वाटते त्या सगळे मराठीतच समजावतात. जर्मनीतील वर्गात सीरियाचा, युक्रेनचा आणि भारताचा विद्यार्थी शेजारी बसतो. त्यांची समान भाषा नसते, त्यामुळे वर्ग जर्मनमध्येच चालतो. डोंबिवलीत सगळ्यांना मराठी किंवा हिंदी येते. इथे किती जर्मन आणि किती मराठी, हे शिक्षकाला ठरवावे लागते आणि का ठरवले ते सांगावेही लागते.

परदेशातील शिक्षक तक्रार येण्याआधी काय करतात?

भाषाशिक्षकांच्या प्रशिक्षणात तक्रारीकडे पाहण्याची एक ठरलेली रीत शिकवली जाते. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी पातळी तपासणारी चाचणी घेतली जाते. भाषा कशासाठी हवी आहे, किती वेळ देता येईल आणि आधी काय शिकले आहे, हे विचारले जाते. काही आठवड्यांनी, म्हणजे अभ्यासक्रम संपायच्या बऱ्याच आधी, विद्यार्थ्यांकडून निनावी अभिप्राय घेतला जातो. त्यात साधे प्रश्न असतात: काय चालू ठेवावे, काय थांबवावे आणि काय नव्याने सुरू करावे.

यानंतरची पायरी जास्त महत्त्वाची असते. शिक्षक पुढच्या तासाला वर्गाला सांगतो की, या दोन गोष्टी बदलतो आहे आणि ही तिसरी बदलणार नाही, त्याचे कारण असे. उदाहरणार्थ, प्रत्येक चूक लगेच दुरुस्त करावी अशी मागणी असते. बोलण्याच्या सरावात मध्येच थांबवले तर विद्यार्थी बोलायचेच सोडून देतो. त्यामुळे चुका टिपून ठेवून शेवटच्या दहा मिनिटांत फळ्यावर घेतल्या जातात. हे कारण विद्यार्थ्याला कळले की, तक्रार पूर्ण मान्य न होताही निवळते. वैयक्तिक तक्रार असेल तर ती वर्गासमोर न घेता वेगळी ऐकली जाते आणि काय ठरले ते दोन ओळींत लिहून पाठवले जाते.

शिक्षकाकडे सुटले नाही तर?

परदेशी पद्धतीचे खरे बळ इथे दिसते. तिथले शिक्षक इथल्यापेक्षा स्वभावाने अधिक समजूतदार असतात असे नाही. तक्रारीला लेखी वाट असते, मुदत असते आणि शिक्षकाच्या वर दुसरे कोणीतरी ऐकणारे असते.

ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांना मान्यता देणारी योजना ब्रिटिश कौन्सिल चालवते. तक्रार कशी करायची हे विद्यार्थ्यांना आधीच सांगणे मान्यताप्राप्त शाळेकडून अपेक्षित असते. शाळेत प्रश्न सुटला नाही तर मान्यता देणाऱ्या यंत्रणेकडे लिहिता येते. विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार एक स्वतंत्र निवाडा कार्यालय आहे. विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपल्याचे पत्र मिळाल्यापासून १२ महिन्यांत तिथे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र हे कार्यालय शैक्षणिक निर्णयात हात घालत नाही. निबंधाला ५५ गुण योग्य की ६५, हे ते ठरवत नाही. गुण देताना ठरलेली पद्धत पाळली का आणि विद्यार्थ्याला समान वागणूक मिळाली का, एवढेच ते पाहते. यामुळे शिक्षकाच्या अधिकाराला धक्का लागत नाही आणि विद्यार्थ्यालाही दाद मागता येते.

ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या संस्थांसाठी २०१८ ची राष्ट्रीय संहिता आहे. इंग्रजी भाषेचे वर्गही तिच्या कक्षेत येतात. तक्रार आल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत तिची दखल घेणे सुरू झाले पाहिजे, विद्यार्थ्याला सोबत कोणाला तरी आणता आले पाहिजे, निर्णय लेखी दिला पाहिजे आणि तो मान्य नसेल तर बाहेरील यंत्रणेकडे जाण्याचा मार्ग सांगितला पाहिजे, असे ही संहिता म्हणते. खासगी संस्थांतील परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या राष्ट्रीय लोकपालाकडे जाता येते. उच्च शिक्षणासाठी १ फेब्रुवारी २०२५ पासून स्वतंत्र विद्यार्थी लोकपालही काम करू लागला आहे. ठाणे-कल्याणमधून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही तरतूद प्रवेश घेतानाच लक्षात ठेवावी.

परीक्षेच्या निकालाबद्दल तक्रार करता येते का?

इथे प्रत्येक परीक्षेचा नियम वेगळा आहे आणि ठाणे-डोंबिवलीतील विद्यार्थ्यांनाही तोच लागू होतो. गोएथेच्या परीक्षेत लेखनाचा भाग दोन परीक्षक स्वतंत्रपणे तपासतात आणि तोंडी परीक्षेलाही दोन परीक्षक असतात. निकाल मान्य नसेल तर तो जाहीर झाल्यापासून दोन आठवड्यांत परीक्षा केंद्राच्या प्रमुखाकडे लेखी हरकत घेता येते. अर्ज करून तपासलेली उत्तरपत्रिका पाहताही येते. मात्र ‘मला पुरेसे गुण मिळाले नाहीत’ हे कारण नियमांनुसार पुरेसे धरले जात नाही. नेमके काय चुकले, ते लिहावे लागते. परीक्षा घेण्याच्या पद्धतीबद्दल तक्रार असेल तर तीही दोन आठवड्यांतच करावी लागते. बी१ ची परीक्षा चार स्वतंत्र भागांत देता येते आणि प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात. त्यामुळे एकाच भागात अडलेल्याने हरकतीत वेळ घालवावा की तो भाग पुन्हा द्यावा, हा हिशेबही करावा लागतो.

आयईएलटीएसमध्ये परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत फेरतपासणी मागता येते. तिचे शुल्क असते, पण बँड बदलला तर ते परत मिळते. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत वाट जवळपास बंद आहे. ती पूर्णपणे बहुपर्यायी असते, तोंडी किंवा निबंधाचा भाग नसतो, प्रश्नपत्रिका परत घेतल्या जातात आणि वैयक्तिक निकालाबाबतच्या शंकांना उत्तर दिले जात नाही. म्हणून जपानीच्या विद्यार्थ्याची निकालाबद्दलची नाराजी शेवटी क्लासच्या शिक्षकावरच निघते. त्या गुणांशी शिक्षकाचा संबंध नसतो, हे त्यानेच आधी सांगून ठेवलेले बरे.

‘तीन महिन्यांत बी१’ ही जाहिरात खोटी असते का?

याचे उत्तर तासिकांच्या गणितात आहे. गोएथेच्या माहितीनुसार ए१ ला पूर्वतयारीप्रमाणे ८० ते २००, बी१ पर्यंत ३५० ते ६५० आणि बी२ पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात. एक तासिका ४५ मिनिटांची. जर्मन सरकार स्थलांतरितांना बी१ पर्यंत नेण्यासाठी जो सर्वसाधारण अभ्यासक्रम चालवते, त्यातही भाषेच्या ६०० तासिका असतात आणि त्या विद्यार्थ्यांच्या कानावर रस्त्यावरही जर्मनच पडत असते.

समजा, क्लास आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास भरतो. म्हणजे आठवड्याला ८ तासिका झाल्या. तीन महिन्यांत १०४ तासिका होतात. एवढ्यात ए१ चा टप्पा गाठता येईल, बी१ नाही. याच गतीने बी१ ची किमान मर्यादा गाठायला साधारण ४४ आठवडे, म्हणजे दहा महिने लागतात. आठवड्याचे सहा दिवस, रोज चार तास क्लास असेल, तर तीन महिन्यांत ४१६ तासिका होतात आणि जाहिरात शक्यतेच्या कोटीत येते. म्हणून प्रवेश घेताना ‘किती महिने’ याऐवजी ‘किती तासिका’ असे विचारले, तर पुढच्या निम्म्या तक्रारी तिथेच टळतात.

प्रत्येक तक्रार खरी मानायची का?

नाही. विद्यार्थ्यांच्या मतांमध्ये पूर्वग्रह असतो, हे संशोधनातूनही दिसले आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतील एका ऑनलाइन अभ्यासक्रमात शिक्षकांची ओळख मुद्दाम बदलून पाहिली गेली. शिकवणारी व्यक्ती पुरुष आहे असे वाटले, तेव्हा विद्यार्थ्यांनी जास्त गुण दिले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅनडातील रायर्सन विद्यापीठाच्या वादात २०१८ मध्ये लवादाने निर्णय दिला की, विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनाच्या आधारे शिक्षकाच्या अध्यापनाची गुणवत्ता ठरवून बढती किंवा कायम नेमणुकीचा निर्णय घेऊ नये.

भाषेच्या क्षेत्रात आणखी एक पूर्वग्रह असतो: जर्मन जर्मनांनीच शिकवावे, इंग्रजी इंग्रजांनीच. इंग्रजी शिक्षकांच्या ‘टेसोल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्येच अशा भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली. डोंबिवलीत भाषा शिकून शिक्षक झालेल्या व्यक्तीला मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो, हे स्वानुभवाने माहीत असते. मराठीत लिंग तीन, जर्मनमध्येही तीन, पण मराठीत चंद्र पुल्लिंगी म्हणून जर्मनमध्येही तो ‘डेअर’च असेल असा अंदाज केला तर तो बरोबर येतो, सूर्याला तोच नियम लावला तर चुकतो, कारण जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आहे. असे खाचखळगे सांगणारा शिक्षक ‘मातृभाषक नाही’ म्हणून तक्रारीस पात्र ठरत नाही.

म्हणूनच लेखी प्रक्रिया शिक्षकालाही वाचवते. ती नसेल तर तक्रार गुगल रिव्ह्यूवर जाते किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर फुटते. एका ताऱ्याचा रिव्ह्यू पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो आणि शिक्षकाची बाजू कोणीच ऐकत नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा इथला मुख्य आधार आहे. कोचिंग संस्था शिक्षणसंस्थांच्या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे त्यांच्या सेवेतील त्रुटींची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालू शकते, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. पावती न देणे आणि सदोष सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत, मुदत ठरलेली नसल्यास ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही ठाणे जिल्ह्यात येतात. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तडजोडीचा प्रयत्न करता येतो.

कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली. यशाची किंवा नोकरीची खोटी हमी देण्यास त्यात मनाई आहे. ऑनलाइन मंचांसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. भारतातील ग्राहकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही ते लागू होतात. त्यानुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात ती निकाली काढणे अपेक्षित आहे.

मग ठाणे-डोंबिवलीत अडते कुठे?

पहिली अडचण आकाराची. २०२४ ची कोचिंगविषयक तत्त्वे ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. घरातल्या हॉलमध्ये १२ जणांची बॅच घेणारा क्लास त्यात बसत नाही. अर्थात, २०१९ चा मूळ कायदा त्यालाही लागू आहे.

दुसरी अडचण पुराव्याची. फी यूपीआयने दिली जाते, पावती मागितली जात नाही आणि किती तासिका, कोणते पुस्तक, क्लास सोडला तर किती पैसे परत, हे तोंडीच ठरते. यूपीआयची नोंद पैसे दिल्याचे सांगते, ते कशासाठी दिले हे सांगत नाही.

तिसरी अडचण मोफत वर्गांची. सरकारी योजनेत विनाशुल्क शिकणारा विद्यार्थी ग्राहक कायद्याच्या व्याख्येत येत नाही, कारण मोफत सेवा त्यातून वगळलेली आहे. शिक्षक मिळाला नाही किंवा वर्ग रखडला, तर त्याला संबंधित विभागाकडे किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरच दाद मागावी लागते.

चौथी अडचण ओळखीची. शिक्षिका त्याच सोसायटीत राहणारी, आईच्या भिशीतली किंवा बहिणीची मैत्रीण असते. तक्रार केली तर संबंध बिघडतील, म्हणून विद्यार्थी गप्प बसतो आणि एक दिवस क्लासला यायचे बंद करतो. शिक्षिकेला कारण कधीच कळत नाही आणि पुढच्या बॅचमध्ये तीच चूक पुन्हा होते. एका शिक्षकाच्या क्लासमध्ये शिकवणारा, फी घेणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच असतो. परदेशातील रचनेत असतो तो ‘दुसरा कान’ इथे नसतो.

यावर उपाय काय?

त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रवेशाच्या वेळी दिलेले एक पान बरेच काम करते. त्यावर एकूण तासिका, पातळी, पुस्तक, फीचे टप्पे, शिक्षकाने तास रद्द केल्यास भरपाईचा तास कधी आणि विद्यार्थ्याने क्लास सोडल्यास परताव्याचा हिशेब, एवढे लिहिलेले असावे. चौथ्या आठवड्यात निनावी अभिप्राय घ्यावा. तक्रार व्हॉट्सॲपवर खासगी संदेशाने किंवा ईमेलने घ्यावी आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ‘दुसरा कान’ही उभा करता येतो: शहरातील दोन शिक्षकांनी ठरवावे की, एकाच्या क्लासमधील न सुटलेली तक्रार दुसरा ऐकेल.

विद्यार्थ्यानेही तीन गोष्टी पाळाव्यात. पूर्ण फी एकदम न भरता पातळीप्रमाणे भरावी. ‘शिकवणे चांगले नाही’ असे न लिहिता कोणत्या तारखेला काय ठरले होते आणि काय झाले, ते लिहावे. आणि आधी शिक्षकाकडे, मग हेल्पलाइनकडे, मग आयोगाकडे हा क्रम ठेवावा. गुगल रिव्ह्यू शेवटी लिहावा. तो आधी लिहिला तर शिक्षक बचावाच्या पवित्र्यात जातो आणि पैसे किंवा तास, दोन्हींपैकी काहीच परत मिळत नाही.

परदेशी भाषेच्या पहिल्या काही धड्यांतच ‘मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा’ हे वाक्य शिकवले जाते. ते मोकळेपणाने म्हणता येईल अशी सोय क्लासच्या व्यवहारातही हवी.